संक्रांतीची ओटी

१९ जानेवारी २०२५, रविवार
सावंगी, दवाखाना

आलेलं सामान —
कापसाचा मोठा गुंडाळा — १८०
क्रेप बँडेज, रुंद, दोन — ३४०
थर्मास (जुन्याची काच गेली) — ४२०
केळी, अर्धा डझन — २५
शहाळं, एक — ५० (वर्ध्यात चाळीसला मिळतं. इथे गेटवर आजारी माणूस दिसला की दहा वाढतात.)
संत्र्याची पेटी, गोरसपाकचे दोन डबे, नारळ, तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी — पाहुण्यांकडून. किंमत घालता आली नाही.

इथे आल्यापासून वही उघडलीच नव्हती. आज बसायला मिळालं, तर सगळं ओळीने लिहून ठेवते.

दहा तारखेला हे सकाळीच गाडी घेऊन निघाले. हिंगणघाटला जातो म्हणाले, वायंडिंगची तांब्याची तार संपली. सेलूत आमचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे, तार लागतेच. संध्याकाळी फोन आला तो आर्वीकडून. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने उडवलं. हिंगणघाट एका टोकाला, आर्वी दुसऱ्या टोकाला! त्या वेळी विचारायचं सुचलं नाही. शुद्धीवर आल्यावर विचारलं तर म्हणाले, "तिकडं तार सस्ती भेटते." काटकसरीचं कारण दिलं की मी पुढे बोलत नाही, हे यांना चांगलं ठाऊक आहे.

उजव्या पायाची नळी मोडली, आणि गुडघ्यामागची रक्ताची मोठी नस तुटली. डॉक्टर म्हणाले, कापावा लागेल, नाहीतर डाव्या पायातली नस काढून उजव्यात जोडून बघू — खात्री देत नाही. मी म्हटलं, जोडा. सही मीच केली. आता पायाला बाहेरून सळया आणि रिंगा आहेत. पाय जिवंत आहे का ते बोटांवरून कळतं. सिस्टरने मला शिकवलं — अंगठ्याचं नख दाबायचं, पांढरं पडतं, सोडलं की लाली परत यायला पाहिजे. बोटं हाताला गरम लागली पाहिजेत. हे काम माझ्याकडे.

आज दुपारी जयाताई — यांची मोठी बहीण, वर्ध्यात राहते — आष्टीच्या एका नवरा-बायकोला घेऊन आल्या. तानबाजी आणि रुख्मिणीबाई. "आपल्याच वळखीचे आहेत," एवढंच सांगितलं. आष्टीला त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. बाई फार मायेच्या वाटल्या. यांच्या पायाकडे बघून डोळ्याला पदर लावला. मग पिशवीतून हळदी-कुंकवाचा करंडा काढला.

मी म्हटलं, "इथं दवाखान्यात कसं?"

"संक्रांतीचे दिस आहेत बाई," त्या म्हणाल्या. "सवाशीन भेटली तं रिकामी कशी जाऊ मी? पदर करा."

जयाताई म्हणाल्या, "देवीच्या देण्याले जागा पाहू नाई. घे."

घेतली. सवाष्णीने भरलेली ओटी नाकारायची नसते. नाकारणं म्हणजे घरी आलेल्या देवीला उंबऱ्यावरून परत लावणं. नारळ पदरात पडला तसं मनात म्हटलं, यांचा पाय राहू दे. बाईंनी गोरसपाकच्या गोड बिस्किटाचा तुकडा माझ्या तोंडात घातला. जयाताईंनी मोबाईलवर फोटो काढला. हे मात्र भिंतीकडे तोंड करून पडले होते. दुखत असेल.

शेजारच्या खाटेवर जंगलूबाबा आहेत, कारंज्याकडचे. मोहाच्या झाडावरून पडून मांडी मोडलीय. पाहुणे गेल्यावर मला म्हणाले, "बाई, मले पाह्यले आलेले सारे केळी घेऊन येते. तुमच्याकडं पेटी आली. एखादं संत्रं लोटा ना इकडं, मांडी लवकर जुडंन." चार दिली.

बोटं गरम.

२० जानेवारी, सोमवार

ड्रेसिंग. हे ओरडले नाहीत, पण माझा हात सोडला नाही. पोथीचा एक अध्याय खाटेशेजारी चटईवर बसून वाचला. बोटं गरम.

२१ जानेवारी, मंगळवार

नीट लिहिता येतं का बघते.

हे एक्स-रेला गेले होते. इथे दोघांत एकच मोबाईल, तो माझ्यापाशी होता. वाजला. रुख्मिणीबाई.

"इहीनबाई, इवायाची बोटं गरम हायत ना?"

वाटलं, विहीण म्हणतात, म्हणजे बाईंनी चुकून भलतीकडे लावला. म्हटलं, "तुम्ही कोणाले फोन केला?"

"अवो, तुमालेच. मयुरीच्या मायले." हसल्या. "तुमी काई घोर करू नका. साक्षगंधाची घाई नाई आमाले. इवाई पायावर उभे राह्यले का मंगच करू. पोरगी नर्स होऊन राह्यली, तं आमचा निकेश आष्टीच्या दवाखान्यात आतापासूनच इचारून राह्यला. माही सासू अंथरुणाले लागली आहे ना. घरातच नर्स आली तं मले केवढा आधार!"

मी काय बोलले ते आठवत नाही. 'बरं' म्हटलं असेन. फोन ठेवला तेव्हा वॉर्डबॉय यांना घेऊन परत येत होता. मी मागच्या बाजूला गेले, जिथे पेशंटच्या घरची माणसं कपडे वाळू घालतात. कुणाच्या तरी ओल्या लुगड्याआड उभी राहिले.

मयुरी. माझी पोरगी. वीस वर्षांची. नागपूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिचं लग्न ठरलं आहे आणि मी होकार दिला आहे. सगळ्यांसमोर, पदर पसरून! आमच्यात मुलीचा विषय चालू असताना तिच्या आईने मुलाच्या आईची ओटी घेतली, तोंड गोड केलं, की झाला होकार. सुपारी पुढे केव्हाही फुटो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. विषय चालू आहे हेच ठाऊक नव्हतं. मी संक्रांतीची ओटी समजून घेतली.

जयाताईंनी तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर घातला आहे. आत्ताच मोबाईलवर उघडून पाहिला. पदर धरून उभी असलेली मी. तोंडात गोरसपाक. खाली लिहिलंय — दोन्ही इहिनी.

बोटं पाहिली. गरम. यांच्याशी बोलले नाही.

२२ जानेवारी, बुधवार

आज विचारलं. जंगलूबाबांना मुलगा बाहेर उन्हात बसवायला घेऊन गेला तेव्हा.

"तुम्ही हिंगणघाटला गेला नव्हता."

"नाई."

"आष्टीला गेला होता."

"हाव."

"मयुरीचं ठरवायला."

पायाकडे बघत बसले. मग म्हणाले, "चांगली माणसं आहेत. हुंडा नाई, मागणी नाई. जयाताईनं स्थळ आणलं. म्या शब्द देऊन आलो. तुले घरी येऊन सांगणारच होतो, तं रस्त्यात हे असं झालं."

बारावीच्या निकालानंतर आम्ही तिघं केळझरच्या गणपतीला गेलो होतो. पेढे ठेवले. तिथे हे स्वतःच्या तोंडाने म्हणाले होते — पोरीचं शिक्षण पुरं होईस्तोवर लग्नाचं नाव घेणार नाही. मी त्याची आठवण दिली.

तर काय म्हणाले, "तो देव आहे ज्योत्स्ना, तो समजून घेते. तानबाजी माणूस आहे, तो नाई समजून घेत."

इतक्या वर्षांच्या संसारात असं वाक्य मी यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. देवाला दिलेला शब्द मोडता येतो, कारण देव भांडायला येत नाही. म्हणजे मीही त्यातलीच. बायको समजून घेते.

"आणि मयुरी? तिले विचारलं?"

"तिले आत्ताच काई बोलू नको. परीक्षा आहे."

लघवीची बाटली द्यायची वेळ झाली होती. दिली. रिकामी केली. धुतली.

२३ जानेवारी, गुरुवार

गुरुवारचा उपास. बोटं गरम. बोलणं नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

जयाताई डबा घेऊन आल्या. मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेले होते.

"ताई, ओटी कशाची ते मला आधी सांगायला हवं होतं."

"सांगतलं असतं तं तू घेतली असती?"

"नसती."

"मंग? म्हणूनच नाई सांगतलं."

असं सरळ! चोरी करणाराही जरा आडपडदा ठेवतो. त्या पुढे बोलतच राहिल्या. आता त्यांच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे मी पदरचं घातलं असं व्हायला नको. "डॉक्टर म्हणे, पायाचं अजून काई सांगता येत नाई. उद्या पाय काळा पडला आन् कापला, तं? लंगड्या बापाच्या पोरीले कोण इचारीन? दुकानावर कोण बसंन? तानबाजी पाय पाह्यल्यावर मागं सरले असते. त्याच्या आधी पदरात पाडून घेतलं म्या. नागेशले म्हटलं, तू तोंड तिकडं कर, मी पाह्यतो. तुह्याच पोरीचं भलं केलं ना बाई. आन् तू मलेच काऊन उलटी बोलून राह्यली?"

म्हणजे मी सकाळ-संध्याकाळ जी बोटं चाचपत होते, ती गार पडायच्या आत त्यांना माझा पदर भरून घ्यायचा होता. माझी प्रार्थना एकीकडे चालली होती आणि या भावा-बहिणीची घाई दुसरीकडे. यांनी भिंतीकडे केलेलं तोंड दुखण्याचं नव्हतं.

मी म्हटलं, "मी रुख्मिणीबाईंना सांगेन की मला माहीत नव्हतं."

"सांग ना. सारं आष्टी हासंन तुह्यावर. म्हणंन, बाई धाव्वी शिकली, रोज हिशोब लिहते, आन् ओटी कायची तेच समजलं नाई." डब्याची पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "भाजी गरम आहे, त्याले आत्ताच दे."

दिली. गरमच होती. अंबाडीची. यांना आवडते.

२५ जानेवारी, शनिवार

दुपारी जेवणाच्या गाड्या आल्या तेव्हाची गोष्ट. मी रागात होते, पण हात आपोआप पायाकडे जातो. करंगळी गार. शेजारचं बोट गार. अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पांढरंच राहिलं. यांना काही वाटतही नव्हतं, वरण-भात कालवत होते.

मी सिस्टरला हाक मारली. नंतर जंगलूबाबा म्हणाले, "हाक कायची माय, माही मांडी पुन्हा मोडली असती." सिस्टर आली, डॉक्टर आले, नाडी सापडेना. जोडलेल्या नसेत रक्ताची गाठ. ताट तसंच राहिलं. स्ट्रेचरवर घेताना यांनी माझं मनगट धरलं. "ज्योत्स्ना, पाय जाऊ देजो नको. तू बोल त्याइले."

बोलले. पुन्हा सही केली.

ऑपरेशनच्या दाराबाहेर जप करत बसले. खरं लिहायचं तर जप नीट होत नव्हता. मधेच मनात यायचं — पाय गेला तर तानबाजी मागे सरतील, मयुरी सुटेल. देवासमोर बसून असं मनात आलं! चटकन नाव घेतलं. पुन्हा तेच आलं. या माणसांनी मला कुठे आणून बसवलं. नवऱ्याचा पाय एका पारड्यात आणि पोरगी दुसऱ्यात. आणि तराजू माझ्या हातात दिलाय तोही मला न सांगता.

पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमचं लक्ष नसतं तर आज संध्याकाळपर्यंत गेला असता."

बोटं गरम.

२७ जानेवारी, सोमवार

ताप आहे. सलाईन. हे झोपेतून उठले की पहिल्यांदा माझ्याकडे बघतात, मग पायाकडे. मी जेवढ्यास तेवढं बोलते. पाणी. गोळी. कूस बदला.

जंगलूबाबांच्या लक्षात आलं आहे. आज यांना म्हणाले, "नागेशभाऊ, सळ्या पायात टोचल्या आन् बोलती बाईची बंद झाली, हे कोणतं आपरेशन?" हे हसले नाहीत. मीही नाही.

२९ जानेवारी, बुधवार

रुख्मिणीबाईंचा पुन्हा फोन. या वेळी मोबाईल यांच्यापाशी होता. "हाव इहीनबाई, चालू आहे. हाव, नर्सच होऊन राह्यली, एकच साल राह्यलं." यांचा आवाज इतका गोड मी दुकानातल्या गिऱ्हाइकाशीही ऐकला नाही. मला फोन दिला नाही. तेव्हापासून तो उशीखालीच ठेवतात.

कोर्स तीन वर्षांचा. मयुरीला आत्ता दुसरं चालू आहे, म्हणजे दीड तरी साल आहे. यांना नीट माहीतही नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

गणेश जयंती. लग्न होऊन आल्यापासून केळझर कधी चुकलं नाही. आज चुकलं. खिडकीच्या कट्ट्यावर महाराजांच्या फोटोशेजारी सुपारी मांडून पूजा केली. ही सुपारी माझी, घरून आणलेली. ओटीतली नव्हे. ओटी तशीच पिशवीत बांधलेली आहे. तांदूळ शिजवले नाहीत, नारळ फोडला नाही. ठेवताही येत नाही, टाकताही येत नाही.

उद्या मयुरी येते आहे. अपघात झाला तेव्हा आली होती, पण त्या वेळी हे आत होते, काही बघता आलं नाही. आज यांना सांगितलं, "मी तिला उद्या सगळं सांगणार आहे."

म्हणाले, "नको सांगू." मग थोड्या वेळाने, "तू नको सांगू. ती तुले सांगंन."

काय सांगेल, विचारलं. डोळे मिटून घेतले.

२ फेब्रुवारी, रविवार

मयुरी दुपारच्या गाडीने आली. केस कापले आहेत. यांच्याजवळ बसली, डोक्यावरून हात फिरवला. तेवढ्यात ड्रेसिंगची ट्रॉली आली. मी सिस्टरला कौतुकाने सांगितलं, ही माझी मुलगी, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सिस्टर खूश झाली. "अरे वा! ये ना, चिमटा धर."

मयुरी उठली. पट्टी सुटली, आतला लाल भाग दिसला, आणि तिने तोंड फिरवलं. भिंत धरली. ओठ पांढरे. सिस्टरने तिला बाहेर नेऊन बसवलं, पाणी दिलं. परत येऊन माझ्याकडे न बघता कामाला लागली.

मी बाहेर गेले. म्हटलं, "बाबांचा पाय आहे म्हणून होतं असं. परक्याचं बघताना नाही होणार."

"आई, परक्याचंच बघताना होते."

मग म्हणाली, "मी सोडलं. दिवाळीतच सोडलं."

पहिल्या वर्षी वर्गातलं होतं तोवर निभलं. दुसऱ्या वर्षी वॉर्डात उभं केलं. एक भाजलेलं लेकरू होतं, त्याची पट्टी बदलताना ती पडली. पुन्हा उभं केलं, पुन्हा पडली. जेवण जाईना. कॉलेजात लिहून देऊन आली. तेव्हापासून मैत्रिणीच्या खोलीवर राहते आणि केकच्या दुकानात काउंटरवर बसते. बाबांना सांगितलं. आत्यालाही माहीत आहे.

"मले काऊन नाही सांगितलं?"

"भीती वाटे. तू फोनवर रोज विचारायची, आज काय शिकवलं. मी काहीतरी सांगायची. तू म्हणायची, मी वहीत लिहून ठेवते. मग अजूनच सांगता येईना."

खरं आहे. लिहून ठेवलंय. दिवाळीनंतरच्या पानांवर आहे — आज मयुरी नाडी बघायला शिकली. आज मयुरीला मोठ्या सिस्टरने शाबासकी दिली. सगळं खोटं. माझ्या हस्ताक्षरात!

मी तिला आष्टीचं सांगितलं. "माझं लग्न? कोणाशी?" तिला कोणी काहीही सांगितलेलं नव्हतं. मग रडायला लागली, आणि मला कळेना की तिला जवळ घ्यावं की नाही. घेतलं. पण आधी थांबले. ते थांबणं तिला कळलं असणार.

३ फेब्रुवारी, सोमवार

मयुरी सकाळी इथूनच नागपूरला परत गेली. जाताना बाबांना म्हणाली, "मी मुलगा पाहिलाही नाही आणि तुम्ही हो म्हणून आला." हे म्हणाले, "तुह्यासाठीच केलं ना मी." ती म्हणाली, "मी तुम्हाला फक्त आईला सांगा म्हटलं होतं." मग यांच्या गालाला हात लावून निघून गेली.

ती गेल्यावर मी विचारलं. या वेळी जंगलूबाबा असताना विचारलं. ऐकू दे.

"मयुरीनं सोडलं हे मला सांगायला काय झालं होतं?"

"तू जेवली नसती. उपास धरले असते. देवापुढं बसून राह्यली असती, आन् ती पोट्टी मेल्याहून मेली असती. म्हटलं, लग्न ठरलं म्हणून शिक्षण सुटलं असं झालं, तं तू माह्यावर रागावशीन. तिच्यावर नाई. मी सहन करतो." मग म्हणाले, "तुह्या पुढं खरं बोलायची हिंमत होत नाई घरात. तू लय सोवळी आहेस, ज्योत्स्ना."

म्हणजे यांनी खोटं बोलायचं आणि दोष माझ्या सोवळ्याचा. मी उपास केले ते यांच्या रक्तातल्या साखरेसाठी, पोरीच्या परीक्षेसाठी. त्या उपासांनी यांना खोटं बोलायला लावलं म्हणे! बाप-लेकीने मिळून माझ्याभोवती एक घर बांधलं, त्यात मला ठेवलं, रोज फोनवरून त्याला रंग दिला. आणि मी त्या घरात दिवा लावत होते.

नंतर जंगलूबाबांनी मुलाला सांगून माझ्यासाठी चहा मागवला. प्यायले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रथसप्तमी. हळदी-कुंकवाचे दिवस संपले. आज मांडीची कातडी काढून नळीवर लावली. दुपारी बाहेर आणलं. शुद्ध येताना हे माझंच नाव घेत होते. बोटं गरम, पाचही.

मी विचार करते आहे की मला नेमका राग कशाचा आहे. मयुरीने सोडलं त्याचा? नाही. रक्त बघवत नाही तर नाही बघवत. तिला दुसरं काही जमेल. लग्नाचा? तो निकेश चांगलाही असेल. राग याचा की सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याला, बापाला, पोरीला. घरात एकच परकं माणूस होतं, आणि स्वयंपाक तेच करत होतं.

आणि अजून एक. माझ्यासारखंच कुणीतरी आष्टीत बसलं आहे. अंथरुणावरच्या सासूला सांगत असेल, येईल हो आता आपली नर्स.

५ फेब्रुवारी, बुधवार

मयुरीला सिस्टरच्या फोनवरून फोन केला. विचारलं, तुझं काय म्हणणं आहे, खरं सांग, मी उपास धरणार नाही. ती म्हणाली, "एकदा बोलून पाहीन मुलाशी. नाही आवडला तर नाही म्हणेन. चालेल?" माझ्या पोरीने मला चालेल का विचारलं. चालेल म्हटलं.

हे आज पहिल्यांदा उशीला टेकून बसले. मी यांना सांगितलं की आष्टीला खरं कळवायला हवं.

"आत्ता नको," म्हणाले. हात जोडले. सळ्यांच्या पायावरून माझ्यासमोर हात जोडले. "नर्सचं काय, लग्न झाल्यावर सांगता येते. तवा कोणी पोरीले घराबाहेर नाई काढत. ज्योत्स्ना, माह्या शब्दाची लाज राख. तू पाय राखला, तसा शब्दही राख."

मी पाय नीट उशीवर घेतला. चादर घातली. काही कबूल केलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पोस्टात जाऊन आष्टीला पत्र रजिस्टर केलं. यांना सांगितलेलं नाही. नक्कल —

सौ. रुख्मिणीबाई यांस नमस्कार. मयुरीने नर्सिंग दिवाळीतच सोडलं आहे. ती नर्स होणार नाही. तुमच्या घरी येऊन शब्द दिला तेव्हा माझ्या नवऱ्याला हे ठाऊक होतं, मला नव्हतं. त्यांनी तुम्हाला फसवलं. मयुरीला कोणी विचारलंही नव्हतं. आता ती म्हणते, मुलाशी एकदा बोलेन, मग हो की नाही ते सांगेन. सासूबाईंच्या आधारासाठीच सून हवी असेल तर आत्ताच नाही म्हणा, मी वाईट मानणार नाही. तरीही मुलगी पाहायची असेल तर मुलाला घेऊन या. हे ऐकून तुमचं काय ठरतं ते परतीच्या टपालाने दोन ओळी धाडून कळवा. फोन करू नका. फोन यांच्या उशीखाली असतो.

ज्योत्स्ना